कॉलेज फुटबॉलचा रोस्टर कसा वाचायचा: सीझनच्या आधीच कोणाला काय काम मिळणार ते ओळखायची पद्धत

ऑगस्ट आला की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवाल्यांचा एकच विषय सुरू होतो, यंदा आपली टीम कशी आहे. डेट्रॉइट, कोलंबस, डॅलस, ह्यूस्टन इथल्या मराठी ग्रुप्सवरही तेच चालू असतं, कारण कोणाचा ना कोणाचा मुलगा, भाची, पुतण्या त्या युनिव्हर्सिटीत शिकत असतो. भारतातून बघणारेही आता बरेच आहेत, तिकडची दुपारी बाराची मॅच इकडे रात्री साडेनऊला लागते (नोव्हेंबरात तिकडची घड्याळं बदलली की साडेदहा), म्हणजे निदान एक मॅच तरी धड बघता येते. चार डाउन, दहा यार्ड, टचडाउन, फील्ड गोल हे एक-दोन महिन्यांत सगळ्यांना जमतं. पण रोस्टरवरची (टीमच्या खेळाडूंच्या यादीतली) शंभर नावं समोर आली की बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात, नाव ऐकलेलं आहे का आणि रिक्रूटिंगमध्ये (शाळेतून निवड होताना) पाचपैकी किती स्टार होते, आणि मग सप्टेंबर संपेपर्यंत सगळे अंदाज कोलमडतात.

माझं ठाम मत आहे की खेळाडू किती गुणी आहे हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा की त्याला काम काय मिळणार. किती स्नॅप (स्नॅप म्हणजे एक प्ले, बॉल खेळात आल्यापासून थांबेपर्यंत) खेळणार, कोणत्या डाउनला मैदानात असणार, त्याच्या शेजारी कोण उभं असणार. टी-ट्वेंटीत डेथ ओव्हर टाकणाऱ्या बॉलरला नवीन बॉल दिला तर तोच माणूस साधा वाटायला लागतो, तसंच हे.

नुसती पद्धत सांगून काही कळत नाही म्हणून एक खरी टीम घेऊ, मिशिगन, सीझन २०२४. ही का, तर २०२३ ला ते १५-० करून राष्ट्रीय चॅम्पियन झाले, मग २०२४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या टीम्स कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) त्यांचे १३ खेळाडू गेले, हेड कोच जिम हारबॉ एनएफएलच्या चार्जर्सकडे गेला, शेरॉन मूर हेड कोच झाला. म्हणजे अर्धं घर रिकामं. अशा वेळी रोस्टर वाचता आला पाहिजे. आणि आता त्या सीझनचं काय झालं ते माहीत आहे, त्यामुळे ऑगस्टमध्ये काय दिसत होतं आणि पुढे काय घडलं हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

पहिलं काम: तीन रकाने

युनिव्हर्सिटीच्या ॲथलेटिक्स वेबसाइटवर रोस्टर असतो. एक स्प्रेडशीट उघडा, एकेक पोझिशन खाली खाली लिहा आणि पुढे तीन रकाने करा: गेले, राहिले, आले. एवढंच. हे स्वतःच्या हाताने करायचं, कुणाचं तयार घेऊ नका, कारण लिहिताना जी पोझिशन रिकामी दिसते ती लक्षात राहते.

मिशिगनचं ऑगस्ट २०२४ चं पान असं दिसायचं. गेले: क्वार्टरबॅक (बॉल टाकणारा) जे. जे. मॅकार्थी (ड्राफ्टमध्ये १० वा), रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) ब्लेक कोरम ज्याने २०२३ ला धावून २७ टचडाउन केले होते, रिसीव्हर (पास पकडणारे) रोमन विल्सन आणि कॉर्नेलियस जॉन्सन, लाइनबॅकर (डिफेन्सच्या लाइनमागे उभे राहणारे) ज्युनिअर कोल्सन आणि मायकल बॅरेट, निकेलला (पाचव्या डिफेन्सिव्ह बॅकच्या जागी) खेळणारा माइक सेनरिस्टिल, आणि ऑफेन्सिव्ह लाइन (पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणारे) तर पाचच्या पाच स्टार्टर (सुरुवातीपासून खेळणारे). राहिले: डिफेन्सिव्ह टॅकल (डिफेन्सच्या लाइनचे मधले) मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, कॉर्नर (बाहेरच्या रिसीव्हरला सांभाळणारा) विल जॉन्सन, टाइट एंड (ब्लॉकही करणारा, पासही पकडणारा) कोल्स्टन लव्हलँड, रनिंग बॅक डोनोव्हन एडवर्ड्स आणि कलेल मलिंग्स. आले: नॉर्थवेस्टर्नहून गार्ड जॉश प्रीबी, मेरीलँडहून लाइनबॅकर जेशॉन बारहम, अर्कान्सा स्टेटहून किकर डॉमिनिक झ्वाडा, अजून काही.

नुसतं हे पान बघूनच एक गोष्ट दिसते. बॉल टाकणारा, पकडणारे आणि त्यांना वाचवणारे सगळे गेलेत, समोरच्याला अडवणारे दोन पहाड राहिलेत. टीम कशी खेळणार याचा निम्मा अंदाज इथेच आला.

नावापुढचं वर्ष पण नीट वाचा. फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनिअर, सीनिअर (पहिलं ते चौथं वर्ष) हे ठीक, पण रेडशर्ट, म्हणजे खेळण्याचं वर्ष न वापरता टीमसोबत राहिलेला, हा शब्द महत्त्वाचा. खेळाडूला पाच वर्षांत चार सीझन खेळता येतात, आणि २०१८ पासून नियम असा आहे की चार मॅचपर्यंत खेळला तरी त्याचं ते वर्ष धरलं जात नाही. त्यामुळे रेडशर्ट फ्रेशमन म्हणजे नवखा नाही, तो एक पूर्ण वर्ष टीमच्या जिममध्ये आणि मीटिंग रूममध्ये घालवून आलेला असतो. लाइनमनसाठी या एका वर्षाची किंमत प्रचंड, रनिंग बॅकसाठी तेवढी नाही. २०२० च्या कोविड सीझनचं एक वर्ष सगळ्यांना जादाचं मिळालं होतं म्हणून २०२४ मध्ये सहाव्या सातव्या वर्षाचे खेळाडू पण दिसायचे.

आजच्या रोस्टरबद्दल दोन गोष्टी. आधी ८५ स्कॉलरशिपची मर्यादा होती, २०२५ पासून कोर्टाच्या सेटलमेंटनंतर त्यात सामील झालेल्या टीम्सना १०५ खेळाडूंच्या रोस्टरची मर्यादा आली. आणि ट्रान्सफर पोर्टलची (खेळाडूंनी युनिव्हर्सिटी बदलायची) खिडकी २०२६ पासून वर्षातून एकदाच, २ ते १६ जानेवारी, त्यामुळे जानेवारी संपला की पान बऱ्यापैकी पक्कं होतं, पूर्वी एप्रिलमध्ये परत सगळं पुसून लिहायला लागायचं.

दुसरं काम: स्नॅप मोजा, यार्ड नंतर

एका मॅचमध्ये एका बाजूचे साधारण ६० ते ७५ प्ले होतात. खेळाडू त्यातल्या किती प्लेला मैदानात होता हा आकडा सगळ्यात प्रामाणिक, कारण कोच मुलाखतीत काहीही बोलू दे, ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच तो मैदानात ठेवतो. पीएफएफसारख्या आकडेवारीच्या वेबसाइटवर स्नॅपचे आकडे मिळतात, ते नसले तर टीमच्या वेबसाइटवर प्रत्येक खेळाडूच्या पानावर किती मॅच खेळला आणि किती स्टार्ट केल्या हे असतंच. ते स्नॅप कधी मिळाले तेही बघा. ४५-० चालू असताना चौथ्या क्वार्टरमध्ये केलेले ८० यार्ड आणि ओहायो स्टेटविरुद्ध तिसऱ्या डाउनला केलेले ८ यार्ड, यातले दुसरे जास्त सांगून जातात.

इथे एडवर्ड्स आणि मलिंग्सचं उदाहरण घ्या कारण यात नाव आणि काम यांची पूर्ण गल्लत झाली होती. एडवर्ड्सने २०२२ मध्ये ओहायो स्टेटविरुद्ध २१६ यार्ड धावून काढले होते, २०२३ च्या चॅम्पियनशिप फायनलमध्ये दोन लांबलचक टचडाउन केले, आणि २०२४ च्या जुलैत आलेल्या ईए स्पोर्ट्सच्या कॉलेज फुटबॉल व्हिडिओ गेमच्या कव्हरवर तो होता. सगळ्यांनी गृहीत धरलं की कोरम गेला म्हणजे आता सगळं एडवर्ड्सचं. पण २०२३ चा अख्खा सीझन काढून बघितला तर १५ मॅच मिळून त्याचे ५०० यार्ड पण झाले नव्हते, म्हणजे मोकळी जागा मिळाली की तो उडायचा, पण गर्दीत घुसून चार यार्ड काढायचं काम त्याच्याकडून होत नव्हतं. मलिंग्स हा मुळात लाइनबॅकर म्हणून आलेला गडी, २०२२ मध्ये रनिंग बॅक झाला, २०२३ ला त्याला बॉल कमी वेळा मिळाला पण प्रत्येक वेळी सरासरी ६ च्या वर यार्ड. आणि २०२४ च्या मिशिगनला कोणतं काम करणारा हवा होता? पासिंग कच्चं, लाइन नवी, म्हणजे समोरची टीम बॉक्समध्ये, म्हणजे लाइनच्या जवळ, आठ माणसं उभी करणार आणि त्यात घुसायचं. ते काम मलिंग्सचं. झालंही तसंच, मलिंग्स ९४८ यार्ड आणि १२ टचडाउन, एडवर्ड्स ५८९ यार्ड. यूएससीविरुद्ध (सदर्न कॅलिफोर्निया) शेवटच्या ड्राइव्हमध्ये (बॉल हातात आल्यापासूनच्या सलग प्लेमध्ये) मलिंग्सचा ६३ यार्डांचा रन आणि मग एका यार्डावरून टचडाउन, मॅच २७-२४.

एडवर्ड्स वाईट होता असं अजिबात नाही. त्याच्याकडून जे काम अपेक्षित होतं ते त्याचं नव्हतंच.

तिसरं काम: लाइनपासून सुरुवात करा, इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

नवीन बघणारे लोक बॉलच्या मागे बघतात, स्वाभाविक आहे. पण रोस्टर वाचताना आधी दोन्ही लाइन वाचायच्या, मग बाकीचे, कारण लाइन कच्ची असली तर क्वार्टरबॅक आणि रिसीव्हरचं मूल्यमापन करून काही उपयोग नसतो, त्यांना काम करायला वेळच मिळत नाही.

ऑफेन्सिव्ह लाइनला पाच जण: लेफ्ट टॅकल, लेफ्ट गार्ड, सेंटर, राइट गार्ड, राइट टॅकल. प्रत्येकासमोर लिहा, कॉलेजमध्ये किती स्टार्ट, त्यातल्या याच जागेवर किती, आणि कोणत्या लेव्हलला. गार्डचा टॅकल करणं कागदावर सोपं वाटतं पण बाहेरच्या बाजूला एकट्याने वेगवान एजला (बाहेरून क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला) अडवणं हे वेगळंच काम आहे, उजवीकडून डावीकडे नेणं पण सोपं नाही कारण पाय आणि हात उलटे चालवायचे. सेंटर सगळ्यांना ब्लॉकिंगचे कॉल देतो, म्हणून नवा सेंटर असेल तर पहिल्या तीन-चार मॅचमध्ये ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडण्याचा हल्ला) मोकळा सुटताना दिसणारच हे धरून चला. आणि सहावा माणूस कोण ते शोधा. बारा मॅचच्या सीझनमध्ये पाचही जण धडधाकट राहिले अशी टीम क्वचितच असते, त्यामुळे दोन्ही टॅकलच्या जागा सांभाळू शकणारा सहावा गडी हा माझ्या हिशोबात अर्धा स्टार्टरच.

मिशिगनचं काय दिसत होतं, तर प्रीबी नॉर्थवेस्टर्नला भरपूर खेळून आलेला, लेफ्ट टॅकलला माइल्स हिंटन ज्याने स्टॅनफर्डला आणि मग मिशिगनला स्टार्ट केल्या होत्या, बाकी जागांवर वाट बघत बसलेली मुलं. म्हणजे वेगवेगळा अनुभव असलेले पाच जण, पण एकत्र एकही मॅच न खेळलेले. सेंटरची जागा तर सीझनमध्येच बदलली. पाच जणांचं एकमेकांशी जुळणं ही गोष्ट कोणत्याच आकड्यात येत नाही म्हणून मी कागदावर वेगळा रकाना करतो, किती जण गेल्या वर्षी एकमेकांच्या शेजारी खेळले. मिशिगनचं उत्तर जवळपास शून्य होतं.

आता डिफेन्सिव्ह लाइन. इथे हिशोब उलटा, स्टार्टर चारच असले तरी चांगली टीम सात-आठ जण आलटून पालटून खेळवते, कारण तीनशे पौंडाचा माणूस ६० प्ले जोर लावून खेळू शकत नाही. म्हणून फक्त पहिले चार बघू नका, दुसरे चार बघा. आणि आतले टॅकल जास्त महत्त्वाचे धरा. तीनशे पौंड वजन असून चपळ असलेली मुलं देशातच कमी जन्मतात, त्यामुळे असे दोन एकाच टीममध्ये परत येत असतील तर ती सगळ्यात मोठी बातमी, भले त्यांचे सॅक (क्वार्टरबॅकला बॉलसकट पाडणं) कमी असोत. सॅकचा आकडा टॅकलसाठी फसवा असतो, तो दोन जणांना स्वतःवर ओढून घेतो आणि सॅक बाजूच्याच्या नावावर लागतो. ग्रॅहम आणि ग्रँट हे असे दोघे. पुढे ग्रॅहम ड्राफ्टमध्ये ५ वा आणि ग्रँट १३ वा गेला.

आणि आता ३० नोव्हेंबर २०२४ ची कोलंबसची मॅच आठवा. ओहायो स्टेट त्या वर्षी पुढे जाऊन राष्ट्रीय चॅम्पियन झाली, एवढी तगडी टीम. मिशिगनकडे लव्हलँड नाही, विल जॉन्सन नाही, दोघं जखमी. मिशिगनचं पासिंग सगळं मिळून साठ-एक यार्ड. तरी मिशिगन १३-१० जिंकलं, कारण ओहायो स्टेटला धावून फक्त ७७ यार्ड मिळाले, मधूनच जायचा प्रयत्न करत राहिले आणि मध्ये ते दोघं उभे. मलिंग्सने दुसऱ्या बाजूने ११६ काढले. ऑगस्टमध्ये ज्याने तीन रकाने भरले होते त्याला हा निकाल धक्का वाटला असेल पण कोडं वाटलं नसेल.

टीव्हीवर लाइन बघायला शिकायची असेल तर रीप्लेवर एक ड्राइव्ह फक्त राइट गार्डकडे बघा. बॉल कुठे जातो ते सोडा. स्नॅप झाल्यावर तो मागे ढकलला जातोय, जागेवर थांबतोय का पुढे सरकतोय एवढं प्रत्येक प्लेला लिहा. मग शेजारच्याचं करा. दोन-तीन मॅचमध्ये नजर तयार होते, खरंच होते.

चौथं काम: क्वार्टरबॅक, पण स्टार बाजूला ठेवून

क्वार्टरबॅकसाठी माझे तीन प्रश्न असतात. कॉलेजच्या खऱ्या मॅचमध्ये किती पास टाकलेत? प्ले कॉल करणारा कोच तोच आहे का? आणि टीम त्याच्याकडे मागणार काय, मॅच जिंकून द्यायची का फक्त हरवू नकोस म्हणणार?

मिशिगनच्या ऑगस्टमधल्या तिघांना हे प्रश्न लावा. ॲलेक्स ओर्जी, जबरदस्त धावणारा, २०२३ ला खास रनिंग प्लेसाठी आणायचे, पण पास जवळजवळ टाकलेलेच नव्हते. डेव्हिस वॉरन, वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवाय आलेला), शाळेत असताना ल्युकेमियाशी लढून आलेला मुलगा, हात चांगला पण खऱ्या मॅचचा अनुभव कमी. जॅक टटल, इंडियानाहून आलेला सातव्या वर्षाचा खेळाडू, पण सुरुवातीला दुखापतीतून सावरत होता. तिघांपैकी एकालाही पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट देता येत नाही. ऑगस्ट संपत आला तरी कोच एकाचं नाव घेत नसेल तर बहुतेक वेळा दोघंही चांगले आहेत म्हणून नाही, कोणीच पुरेसं पुढे गेलेलं नाही म्हणून असतं.

पुढे तसंच. वॉरनने सुरुवात केली, अर्कान्सा स्टेटविरुद्ध तीन इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेले पास) झाल्यावर ओर्जी आला, यूएससीविरुद्धची ती मॅच जिंकली तेव्हा मिशिगनचं पासिंग फक्त ३२ यार्ड होतं, मग टटल, मग परत वॉरन. वॉरनचे सीझनभरात ७ टचडाउन आणि ९ इंटरसेप्शन. मिशिगनचं पासिंग देशातल्या तळाच्या काही टीम्समध्ये होतं आणि सीझन ८-५. ओर्जीला दोष देणाऱ्यांनी हे बघावं की त्याचं खरं काम आठवड्याला आठ-दहा प्लेचं होतं, तेच त्याला साठ प्लेचं देऊन टाकलं.

उलट दिशेने पण उदाहरण आहे, म्हणून दुसरा प्रश्न विसरू नका. जो बरो ओहायो स्टेटला बसून होता, २०१८ ला एलएसयूला (लुइझियाना स्टेट) आला, पहिल्या वर्षी १६ टचडाउन पास. ठीकठाक. २०१९ ला जो ब्रॅडी पासिंग गेम सांभाळायला आला, अटॅक मोकळा झाला, रिसीव्हर मोठे झाले, आणि त्याच बरोने ६० टचडाउन पास टाकले, हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची) घेतली, चॅम्पियनशिप घेतली. माणूस तोच, काम बदललं. स्टेट्सन बेनेट जॉर्जियाला वॉक-ऑन, मध्ये ज्युनिअर कॉलेजला जाऊन परत आला आणि २०२१, २०२२ अशा सलग दोन चॅम्पियनशिप जिंकल्या. कॅम वॉर्डला शाळेतून फारसं कोणी विचारलं नव्हतं, इन्कार्नेट वर्डहून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी, आणि २०२५ च्या ड्राफ्टचा पहिला खेळाडू. बेनेट आणि वॉर्ड या दोघांनी स्टार्सचं गणित मोडलं कारण त्यांच्याकडे मॅचचे पास होते.

बॅकअप क्वार्टरबॅकला पण एक ओळ द्या. जानेवारी २०१८ च्या फायनलमध्ये अलाबामाने हाफटाइमला जेलन हर्ट्सला बसवून टुआ टागोवायलोआ या फ्रेशमनला आणलं आणि जॉर्जियाला ओव्हरटाइममध्ये २६-२३ हरवलं. दुसरा कोण आहे हे माहीत नसेल तर तुमचं पान अपुरं आहे.

रिसीव्हर, टाइट एंड, आणि ११-१२ ची भानगड

कॉमेंटेटर ११ पर्सोनेल, १२ पर्सोनेल म्हणतात, त्यातला पहिला आकडा रनिंग बॅक, दुसरा टाइट एंड. ११ म्हणजे एक बॅक, एक टाइट एंड, उरलेले तीन रिसीव्हर. १२ म्हणजे दोन टाइट एंड आणि रिसीव्हर दोनच. तुमची टीम ११ जास्त खेळत असेल तर तिसरा रिसीव्हर हा स्टार्टरच धरा, १२ खेळत असेल तर दुसरा टाइट एंड स्टार्टर. एवढ्या एका गोष्टीने डेप्थ चार्ट (प्रत्येक जागेवर पहिला कोण, दुसरा कोण याची यादी) वेगळाच दिसायला लागतो.

मिशिगनमध्ये लव्हलँडचं काम तर डोळ्यांसमोर होतं, बाहेरचे रिसीव्हर नवे आणि क्वार्टरबॅक कच्चा म्हटल्यावर जवळचा, मोठा, भरवशाचा टार्गेट तोच. १० मॅचमध्ये ५६ कॅच, ५८२ यार्ड, आणि टीममध्ये दुसऱ्या नंबरवर असलेल्याला त्याच्या निम्मे यार्डही नाहीत. हे आकडे त्याच्या गुणाइतकेच आजूबाजूच्या रिकाम्या जागेबद्दल पण बोलतात.

मागची फळी

डिफेन्सच्या बाबतीत जुनी चित्रं डोक्यातून काढा. आज बहुतेक टीम्स बहुतेक वेळ पाच डिफेन्सिव्ह बॅक खेळवतात, म्हणजे निकेल हा अकरावा स्टार्टर आहे आणि तिसरा लाइनबॅकर कधी कधी वीसच स्नॅप खेळतो. मिशिगनसाठी सेनरिस्टिलची जागा भरणं कोल्सनच्या जागेइतकंच मोठं काम होतं पण त्याबद्दल ऑगस्टमध्ये फार कोणी बोलत नव्हतं. कॉर्नरचं मूल्यमापन करताना इंटरसेप्शन कमी म्हणून नाक मुरडू नका, चांगल्या कॉर्नरकडे बॉल टाकतच नाहीत. लाइनबॅकरमध्ये माइक (मधला लाइनबॅकर) कोण ते शोधा, सगळ्यांना कॉल तो देतो.

स्प्रिंगमधल्या (वसंतातल्या सरावातल्या) दुखापती पण बारकाईने वाचा. सेफ्टी (सगळ्यात मागे उभा राहणारा) रॉड मूर २०२४ च्या स्प्रिंगमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि अख्खा सीझन हुकला. तो गेला की एका माणसाची जागा रिकामी होत नाही, मागे उभं राहून सगळ्यांना जागेवर लावणारा आवाज जातो, दुसऱ्या सेफ्टीचं काम बदलतं, निकेलचं बदलतं. त्यात डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (डिफेन्स चालवणारा कोच) जेसी मिंटर हारबॉसोबत गेला आणि ब्लिट्झवर भर देणारा विंक मार्टिनडेल आला. ब्लिट्झ वाढला की कॉर्नर एकटा पडतो, म्हणून कोऑर्डिनेटर बदलला असेल तर मागच्या फळीतल्या प्रत्येकासमोर प्रश्नचिन्ह टाका, गेल्या वर्षी तो कितीही चांगला खेळलेला असो.

किकरला लोक शेवटी पण बघत नाहीत. झ्वाडाने त्या वर्षी २२ पैकी २१ फील्ड गोल मारले, ५० यार्डांच्या पुढचे सातही, आणि कोलंबसला शेवटच्या मिनिटातला विजयाचा गोल त्याचाच. ज्या टीमचं ऑफेन्स कच्चं दिसतंय त्या टीमचा किकर आधी तपासा.

पोर्टलवरून आलेले, आणि ते स्टार

ट्रान्सफरसमोर चार गोष्टी लिहा: कुठून आला, तिथे किती स्नॅप, किती वर्षं शिल्लक, आणि का निघाला. मोठ्या टीममधून खेळायला मिळत नाही म्हणून निघालेला पाच स्टार आणि लहान टीममध्ये दोन वर्षं रोज खेळून आलेला तीन स्टार, यात मी दुसऱ्याला आधी स्टार्टर धरतो. कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसनहून इंडियानाला आला तेव्हा आपले १३ खेळाडू सोबत घेऊन आला, मोठ्या नावांचे कोणी नाहीत पण त्याचं काम माहीत असलेले, खेळलेले. २०२३ ला ३-९ असलेली इंडियाना २०२४ ला ११-२ झाली आणि पुढच्याच सीझनला राष्ट्रीय चॅम्पियन. लेव्हल बदलली की लाइनमनला सगळ्यात जड जातं कारण समोरची वजनं बदलतात, रिसीव्हर आणि क्वार्टरबॅक लवकर जुळवून घेतात, असं माझं निरीक्षण.

स्टार निरुपयोगी आहेत असं मात्र म्हणू नका. अख्ख्या टीमसाठी ते खूप सांगतात. बड एलियट या पत्रकाराने ब्लू-चिप रेशो मांडला, चार वर्षांच्या रिक्रूटिंगमध्ये निम्म्याहून जास्त मुलं चार किंवा पाच स्टारची असतील तर ती टीम चॅम्पियनशिपच्या शर्यतीतली धरायची, आणि वर्षानुवर्षं ते टिकलं. अर्थात आता इंडियानाने दाखवलं की पोर्टलच्या जमान्यात दुसरा रस्ता पण आहे. एका मुलाबद्दल स्टार फक्त एवढं सांगतात की त्याला संधी लवकर मिळेल. ब्राइस अंडरवुड २०२५ च्या रिक्रूटिंगमधला पहिल्या नंबरचा, मिशिगनने पहिल्याच मॅचपासून त्याला क्वार्टरबॅक केलं, तीन स्टारच्या फ्रेशमनला हे मिळालं नसतं.

आता प्रत्येकासमोर एक शब्द लिहा

सगळं वाचून झालं की नावापुढे काम लिहा. मी पाच शब्द वापरतो: कायमचा (मॅचला ५० च्या वर स्नॅप), रोटेशन (२० ते ४०), खास कामाचा (थर्ड डाउन, गोल लाइन, रिटर्न), एका दुखापतीवर असलेला, आणि पुढच्या वर्षीचा. ‘स्टार’, ‘चांगला’, ‘भारी’ असलं काही लिहायचं नाही. कुठल्या पोझिशनला ‘कायमचा’ लिहायला हात धजावत नसेल तर तिथे लाल रंग करा, ती तुमच्या टीमची खरी अडचण. मिशिगनला ते दोन ठिकाणी होतं, क्वार्टरबॅक आणि बाहेरचा रिसीव्हर.

मग मॅच सुरू झाल्या की स्कोअरपेक्षा हे बघा: थर्ड अँड सेव्हनला (तिसरा डाउन, सात यार्ड बाकी) कोण आत येतं आणि कोण बाहेर जातं, वीस यार्डांच्या आत कोणाला बॉल देतात, आणि शेवटच्या पाच मिनिटांत सात पॉइंटने पुढे असताना मैदानात कोण आहे. अधिकृत डेप्थ चार्टवर दोन नावांमध्ये ‘किंवा’ लिहिलेलं असतं ना, त्याचं उत्तर इथे मिळतं. बिग टेनमध्ये (मिशिगन, ओहायो स्टेट ज्यात खेळतात ती लीग) मॅचच्या दोन तास आधी कोण खेळणार नाही याची यादी जाहीर होते, ती बघूनच मत बनवा. चौथ्या मॅचनंतर थांबून सगळे शब्द परत तपासा, कारण रेडशर्ट वाचवायचा असेल तर कोचला त्या सुमाराला ठरवावंच लागतं, पाचव्या मॅचला जो फ्रेशमन खेळला तो आता कायमचा किंवा रोटेशनमधला.

आणि बोल (bowl) गेम, म्हणजे सीझन संपल्यावरची जादाची मॅच, सोडू नका. ड्राफ्टला जाणारे मोठे खेळाडू बऱ्याचदा तो खेळत नाहीत, म्हणून लोक टीव्ही बंद करतात. ३१ डिसेंबर २०२४ ला मिशिगनकडून ग्रॅहम, ग्रँट, लव्हलँड, जॉन्सन, मलिंग्स, एडवर्ड्स कोणी नव्हते, तरी त्यांनी अलाबामाला १९-१३ हरवलं. त्या दिवशी जॉर्डन मार्शल नावाच्या फ्रेशमनला, ज्याला सीझनभर बॉल जवळपास मिळालाच नव्हता, तो मिळत राहिला आणि त्याने १०० यार्ड काढले. त्याच हिवाळ्यात अलाबामाहूनच जस्टिस हेन्स हा रनिंग बॅक मिशिगनला आला. २०२५ च्या पानावर या दोघांपैकी एकासमोर ‘कायमचा’ लिहायला कितीही हात शिवशिवला तरी दोघांसमोर ‘रोटेशन’ लिहिणं बरोबर होतं, आणि ते लिहायला लागणारी सगळी माहिती त्या एका मॅचमध्ये आणि पोर्टलच्या यादीत होती.